तफावत असल्यास

घाट लागला तेव्हा गाडी मी चालवत नव्हतो. पिंपातला गाळ चालवत होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा चालवत होता.

मी उत्तम कोंडिबा झिमल. कोकणातल्या एका रंगाच्या कारखान्यातून घातक कचऱ्याची पिंपं भरायची आणि घाटावरच्या भट्टीत जाळायला नेऊन द्यायची, हे काम मी एकोणीस वर्षं करतो आहे. एवढ्या वर्षांत एक पिंप सांडलं नाही की रस्त्यात एका कोंबडीला धक्का लागला नाही. त्यामुळे मला थोडी घमेंड होती, ती मान्य करतो. गाळाला गियर बदलताना पाहिलं आणि त्यातली निम्मी उतरली. कुठं घरघर नाही, हिसका नाही. चढावर इंजिन थकणार हे त्याला इंजिनाच्या आधी कळत होतं.

हे सगळं झालं ते फॉर्मामुळे.

आमच्या मालाबरोबर एक फॉर्म जातो. त्याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी, राखाडी. कारखान्यातून निघालेला कचरा भट्टीतच पोचला, मध्ये कुणी ओढ्यात ओतून मोकळा झाला नाही, हे त्या सात कागदांवरून सरकारला कळतं. नियम असा की माल चढल्यावर ड्रायव्हरनं फॉर्म वाचायचा आणि मग सही करायची. आम्ही सगळे ड्रायव्हर काय करायचो, महिन्याच्या एक तारखेलाच कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून गठ्ठा शिंत्र्यांच्या टेबलावर ठेवून द्यायचो. शिंत्रे म्हणजे कारखान्यातले माल रवाना करणारे कारकून. त्यांचाही खोळंबा नको, आमचाही नको. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शिंत्र्यांची लिहायची एक तऱ्हा होती. कार्बन त्यांना आवडत नसे, खालच्या प्रती फिक्या येतात म्हणून. ते सातही प्रती टेबलावर ओळीनं मांडायचे आणि पत्ते वाटावेत तसा एकेक रकाना सातही कागदांवर भरत पुढे जायचे. त्या सकाळी त्यांचा फोन सारखा वाजत होता. फोन खांद्याशी धरून त्यांनी ‘चालकाचे नाव’ या रकान्यात लिहिलं, ‘रंगनिर्मितीतील गाळ’. आणि ‘कचऱ्याचे वर्णन’ या रकान्यात लिहिलं, ‘उत्तम कोंडिबा झिमल’. सातही वेळा. खाली माझी सही होतीच, एक तारखेपासून. एकदा लिहिलं असतं तर ती चूक झाली असती. सातदा लिहिल्यावर तिला कोण चूक म्हणणार?

मला कळलं ते काट्यावर. वजनकाट्यावर गाडी उभी होती, पिंपं चढलेली होती आणि मी केबिनमध्ये बसलो होतो. गाडी माझ्या बाजूला कलली. मी उतरलो तर काटा रिकाम्या गाडीवर आला, पुन्हा चढलो तर माल नऊ टन दोनशे किलो. तीनदा चढ-उतर केली. मागची बावीस पिंपं मी बोटानं वाजवून पाहिली, तर ती सगळी पोकळ वाजली.

तेवढ्यात गाडीच्या पुढून गाळ आला. माझा सीटमागे टांगलेला जादा खाकी शर्ट त्यानं घातला होता. अंग तपकिरी, ओलं, आणि आतून कधी जांभळं तर कधी हिरवं चमकणारं. तो केबिनमध्ये चढला, स्टिअरिंगला दोन्ही हात लावून कपाळाला नेले, आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच बसला. मीही रोज स्टिअरिंगला हात लावायचो, पण माशी झटकल्यासारखा. मला लाज वाटली.

मी शिंत्र्यांकडे धावलो. धावणं जड जात होतं, नऊ टन अंगावर होते.

“साहेब, उलटं लिहिलंय. मी मालात गेलोय.”

शिंत्र्यांनी चष्मा वर करून फॉर्म पाहिला, काट्याची पावती पाहिली. “वजन तर जुळतंय की हो.”

“वजनाचं राहू द्या. ड्रायव्हर मी आहे.”

“खाडाखोड चालत नाही, झिमल. एकदा काट्यावरून गाडी गेली की माझ्या हातात काही राहत नाही. काय असेल ते भट्टीच्या गेटवर बघा.” आणि त्यांनी वाजणारा फोन उचलला.

माल कुठं जातो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अकराशे अंशांच्या भट्टीत. मीच नेऊन देत होतो. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गावी माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या, मुलाचं बारसं होतं. पहिला नातू. तो झाल्यापासून मला सुट्टी मिळाली नव्हती, मी त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

मी शेजारच्या सीटवर बसलो. गाळानं गाडी काढली.

कारखाना मागं पडला. उन्हं चढली तशी मला तहान लागली. मी बाटली उघडली.

“माल पाण्याच्या संपर्कात येऊ देऊ नये,” गाळ म्हणाला. समोरच्या काचेखाली सूचनांचं कार्ड लावलेलं असतं, अपघात झाला तर काय करायचं त्याचं. तोवर तो तेवढीच भाषा शिकलेला होता.

“अरे, घोटभर पाणी पितोय.”

“टाळावे.”

माझा हात हलला आणि एक थेंब मनगटावर पडला. जिथं पडला तिथं बोटभर उंचीची निळी ज्योत उभी राहिली. चटका नाही, धूर नाही. वाऱ्यातही ती हलली नाही. ती विझेपर्यंत मी बघतच राहिलो. माझ्या अंगातून आजवर घाम निघाला होता, शिव्या निघाल्या होत्या, पण इतकं देखणं काही निघालं नव्हतं. मी बाटलीचं बूच लावलं आणि तहान तशीच राहू दिली.

घाटाच्या पायथ्याला तपासणी नाका आहे. आंब्याच्या सावलीत टेबल टाकून इनामदार मॅडम बसल्या होत्या. कडक बाई, पण खोटं बोललेलं त्यांना खपत नाही एवढंच. त्यांनी सातही प्रती चाळल्या, मग केबिनमध्ये डोकावून माझ्याकडे पाहिलं आणि गाळाकडे वळल्या.

“दादा, माल केबिनमध्ये? हे नियमात बसत नाही.”

“मॅडम,” मी म्हणालो, “ओळखलं नाही का मला? दर आठवड्याला जातो इथनं. मी माणूस आहे.”

त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. मन लावून पाहिला, खोटं कशाला बोलू. “असाल. पण तसा रकाना नाही यात. इथं लिहिलंय, बावीस पिंपं. बावीसमध्ये भरलेला दिसला पाहिजे. दादा, भरून घ्या, मी थांबते.”

गाळानं मला खाली उतरवलं आणि भरायला सुरुवात केली. दुखलं नाही. त्याचा हात हलका होता. पहिल्या पिंपात माझे गुडघे गेले, दुसऱ्यात भूक, तिसऱ्यात ऐकू येणं. सहाव्या-सातव्यात पाठीचं सगळं दुखणं मावलं. अकराव्यात माझं लहानपण गेलं. वडिलांची मेंढरं त्यात होती, मला वाटलं ती बाहेर राहतील, पण सगळी आत बसली, वर चार बोटं जागा उरली. प्रत्येक पिंपात चार बोटं जागा उरलीच. ती सोडायचीच असते, उन्हानं माल फुगतो. नव्या ड्रायव्हरांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती, गाळाला सांगावं लागलं नाही.

झाकणं बसली. इनामदार मॅडमनी एकेका पिंपाला सील ठोकलं, बावीस मोजली, आणि टेबलाशी जाऊन प्रतींवर शिक्के मारले. “आता कसं, कागदावर आहे तसं दिसतंय,” त्या म्हणाल्या. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं.

मला वाटलं होतं आत अंधार असेल. पण त्या चार बोटांच्या जागेतून मला दिसत होतं, प्रत्येक पिंपातून वेगळं. एकातून दरी, एकातून कडा, एकातून मागं राहिलेला रस्ता, एकातून नुसतं आभाळ. एकोणीस वर्षं मी हा घाट चढलो आणि मला फक्त पुढच्या गाडीचा मागचा भाग दिसला होता. आता बावीस घाट एकाच वेळी दिसत होते आणि ते एकमेकांशी जुळत होते. घाटाला एकतीस वळणं आहेत. त्या दिवशी मी एकाहत्तर मोजली. वाढलेल्या चाळीस वळणांवर कठडे होते, मैलाचे दगड होते, एका ठिकाणी तर माकडंही बसलेली होती. आणि प्रत्येक वळणावर खाली कोकण आणखी पसरायचं. माझा ऊर भरून आला. मी मरायला निघालो होतो आणि मला आनंद होत होता, हे लपवून काय करू?

एका वाढीव वळणावर गाळानं गाडी बाजूला घेतली. चाकाला दगड लावला. मग कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली उतारावर पांगारे फुलले होते, एका अंगानं सगळा डोंगर लाल झाला होता.

त्यानं त्या लालाकडे बोट केलं. मग म्हणाला, “ते काय आहे?”

“पांगारा,” मी पिंपातून म्हणालो. “फेब्रुवारीत फुलतो.”

“हा रंग कारखान्यात करतात. तिसऱ्या टाकीत. हा रंग काढून घेतल्यावर जे उरतं तो मी.” तो कठड्यावरून वाकला. “हा कुठं जातो ते आम्हाला माहीत नव्हतं.”

हा रंग कुठल्या टाकीतून आलेला नाही, झाडाला कारखाना लागत नाही, असं मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. त्याच्या अंगातून आता जांभळं-हिरवं चमकायचं थांबलं होतं आणि एक लाल उजेड सावकाश वर येत होता.

फोन वाजला. फोन डॅशबोर्डवर राहिला होता. गाळानं तो उचलून स्पीकरवर टाकला.

“अवं, जेवलासा का?” मंदा, माझी बायको.

“नाही,” गाळ म्हणाला.

“आवाज का असा जड येतोय? घसा बसला जणू. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा.”

“पाणी टाळावे.”

“टाळावे म्हनं! मास्तर झाला का काय?” मंदा हसली. “ऐका. उद्या बारा म्हंजे बारा. अश्विनीची सासू म्हनती, आजा आल्याशिवाय पाळण्यात घालायचं न्हाई. तुमी पयल्यांदा उचलायचं त्याला. कारखान्याचं काय सांगू नका मला.”

“मी येतो,” गाळ म्हणाला.

“मंदा!” मी ओरडलो. “मंदे, मी हितं मागं हाय!”

“मागं कायतरी वाजतंय तुमच्या. पिंपं नीट बांधा,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

गाळ फोनकडे पाहत राहिला. मग गाडीच्या मागं आला आणि मागच्या फळीला टेकून उभा राहिला.

“मूल कसं उचलायचं?” त्यानं विचारलं.

मला इतका राग आला की सोळावं पिंप खडखडलं. माझं नाव गेलं, गाडी गेली, शर्ट गेला, आता माझा नातू. सांगणार नाही, असं मी ठरवलं. पण मग डोळ्यांसमोर आलं की उद्या बारा वाजता हा तिथं उभा असेल, आणि मी सांगितलं नाही म्हणून त्याला माहीत नसेल.

“एक हात मानेखाली,” मी म्हणालो. “मान धरवत नसते त्यांना. दुसरा हात कंबरेखाली. छातीशी धरायचं. घट्ट नाही. सैल पण नाही.”

“किती घट्ट?”

“ते कळतं आपोआप.”

“लिहिलेलं नाही?”

“नाही रे बाबा, कुठं लिहिलेलं नाही.”

हे बोलताना मला रडू कोसळलं. नववं पिंप तापायला लागलं. झाकण फुगलं, पत्र्याचा रंग उडाला. पाण्याच्या संपर्कात माल आला होता, माझ्याच. गाळ उडी मारून वर आला, कोरड्या वाळूची बादली त्यानं पिंपावर रिकामी केली आणि दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले. त्यांतून वाफ निघाली, पण त्यानं हात काढले नाहीत.

“रडू नये,” तो म्हणाला.

“कार्डावर लिहिलंय का?”

“नाही. मी सांगतो आहे.”

पिंप निवलं. आम्ही पुढं निघालो.

भट्टीच्या गेटवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. मला एक आशा होती, ती मी घाटभर जपून आणली होती. भट्टीवर माल नुसत्या कागदावर घेत नाहीत. प्रत्येक गाडीतून नमुना काढतात, प्रयोगशाळेत तपासतात, आणि फॉर्मावर लिहिलंय तेच पिंपात आहे का ते पाहतात. जुळलं नाही तर गाडी आल्या वाटेनं परत. माणसं कागदापुढे मान तुकवतात, पण नमुना कुणाच्या बापाचा नोकर नसतो. तो तपासतील आणि म्हणतील, हा कचरा नाही, हा तर माणूस आहे.

तिथल्या केमिस्ट ताम्हनकर बाई नळी घेऊन आल्या. चौदाव्या पिंपातून त्यांनी माझा थोडासा भाग काढून घेतला आणि आत गेल्या. काचेतून त्या दिसत होत्या. थेंब थेंब टाकून, हलवून, उजेडासमोर धरून त्या पाहत होत्या. एकदा त्यांनी नळी बराच वेळ डोळ्यांजवळ धरली आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. चौदाव्यात काय होतं ते मला आठवलं, अश्विनी जन्मली ती सकाळ त्यात होती. मला वाटलं, सुटलो.

बाई बाहेर आल्या. “जुळलं,” त्या म्हणाल्या. “उत्तम कोंडिबा झिमल. शंभर टक्के. भेसळ काहीच नाही, इतका शुद्ध माल मी पाहिला नव्हता.”

त्यांनी भिंतीवरचं हिरवं बटण दाबलं. पिंपं गाडीतून पट्ट्यावर उतरली आणि पट्टा सुरू झाला.

मग मला भट्टी दिसली. एकोणीस वर्षं मी गेटवरूनच परत फिरलो होतो. ती आडवी होती, एखाद्या गल्लीएवढी लांब, आणि सबंध गल्ली सावकाश स्वतःभोवती फिरत होती. तोंड उघडलं की आत ज्वाळा नव्हत्या, नुसता उजेड होता, सगळीकडून सारखा, त्यात कशाचीही सावली पडत नव्हती. मला हात जोडावेसे वाटले. भीती त्यानंतर आली.

“माल पोचल्याची सही करा, दादा, आणि निघा,” ताम्हनकर बाई गाळाला म्हणाल्या. “मागं अकरा गाड्या आहेत.”

गाळ गेटवरच्या स्टुलावर बसला. सात प्रती मांडीवर घेतल्या, पांढरी वर घेतली, आणि वाचायला लागला.

“वाचताय की काय?”

“हो.”

“सगळं?”

“सही सगळ्याच्या खाली आहे,” गाळ म्हणाला.

तो बोट ठेवून वाचत होता. वरचा छापील नियम, त्याखालचा बारीक टाइप, कंसातला मजकूर. मागं हॉर्न वाजत होते. मग एकेक करून थांबले. ड्रायव्हर खाली उतरून गेटशी आले. सगळे माझ्या ओळखीचे, सगळे एक तारखेला सह्या करून मोकळे होणारे. एकानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, मग बाकीच्यांनीही काढले. त्या गेटवर आजवर कुणी फॉर्म वाचला नव्हता.

माझे गुडघे भट्टीत गेले. उजेड थोडा वाढला, एवढंच.

“इथं तफावत आहे,” गाळ म्हणाला.

“कसली तफावत? नमुना जुळलाय.”

“नमुना बरोबर आहे. रकाना चुकला आहे. चालक मी नाही. तो आहे.”

ताम्हनकर बाईंनी गाळाकडे नीट पाहिलं, मग पट्ट्याकडे. त्यांचा आवाज खाली आला. “मग खाली ‘तफावत असल्यास’ लिहिलंय तिथं लिहा. सातही प्रतींवर. आणि ज्याचं नाव चुकलंय त्याची शेजारी सही लागेल. सातही पुऱ्या झाल्याशिवाय मला पट्टा थांबवता येणार नाही.” त्यांनी पेन पुढं केलं. “दादा, तसं लिहिलंत तर तुम्ही कुठं जाल, ठाऊक आहे ना?”

“इथं लिहिलेलं आहे,” गाळ म्हणाला. त्यानं पेन घेतलं.

माझी भूक गेली. मी ओरडलो, लिही, लवकर लिही. लगेच ओरडलो, थांब. त्यानं पांगारा एकदाच पाहिला होता. त्याला मूल उचलता येत होतं आता. त्याच्यासाठी माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं आणि माझ्यासाठीही होत होतं, दोन्ही एकाच वेळी. तो काहीतरी म्हणाला, पण तोवर तिसरं पिंप उजेडात शिरलं आणि सगळीकडे शांत झालं. बाईंचे ओठ हलत होते. ड्रायव्हरांचे ओठ हलत होते. गाळ पिवळीवर लिहीत होता, मग गुलाबीवर, घाई न करता, प्रत्येक अक्षर पूर्ण करत.

चौथ्या पिंपात माझे हात होते. ते भट्टीच्या तोंडाशी पोचले तेव्हा त्यानं राखाडी प्रत संपवली.

तो उठला आणि धावला. ड्रायव्हर बाजूला झाले. तो पट्ट्यावर चढला, पिंपाला गाठलं, सील तोडलं, झाकण फेकलं. खाकी शर्टाची बाही पेटली होती आणि खाली त्याचं अंग पांगाऱ्यासारखं लाल झालं होतं. वर सोडलेल्या चार बोटांच्या जागेतून माझा उजवा हात बाहेर आला. त्यानं पेन माझ्या बोटांत दिलं आणि सात प्रती माझ्यासमोर धरल्या. कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. सहीची जागा त्यानं अंगठ्यानं दाखवली.

मी पेन टेकवलं. मग उचललं, आणि वरच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.